आमसुलाचा डाग

निवृत्त झाल्यापासून मला एकच प्रश्न सारखा विचारला जातो. "बाई, तुम्ही कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचात ते माहीत आहे, पण ते संशोधन का काय करायचात, ते नेमकं काय होतं?" विचारणारा बहुधा लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला असतो, आणि मी उत्तराला तोंड उघडते तोवर त्याच्या पानात जिलबी पडते. मग राहूनच जातं. आता संपादकांनी पानं दिली आहेत, मध्ये वाढपी येणार नाही, तेव्हा सांगूनच टाकते.

रत्नागिरीत संशोधन म्हटलं की लोकांना वाटतं, ते आंब्यावर असणार नाहीतर माशांवर. आमचं काम उजेडावर होतं. हे वाक्य मी मुंबईच्या एका चर्चासत्रात बोलले तेव्हा मागून कुणीतरी हसलं होतं. त्यांच्या मते उजेडावर काम करायला अंधाऱ्या खोल्या, परदेशी लेसर आणि वातानुकूलित दालनं लागतात. आमच्याकडे एक दिवा होता, एक भट्टी होती आणि कॉलेजची गच्ची होती. मी त्यांना म्हटलं, सूर्य आमच्याकडेही उगवतो. तेव्हापासून मी तोंडाळ बाई म्हणून प्रसिद्ध झाले, ते आजतागायत.

काम काय होतं ते सोपं करून सांगते. टायटॅनियम डायऑक्साइड नावाची एक पांढरी पूड असते. तुमच्या भिंतीच्या रंगात असते, टूथपेस्टमध्ये असते. तिची खळ करून काचेच्या पट्टीवर पातळ लेप द्यायचा आणि तो भट्टीत भाजायचा. ही पूड अर्धवाहक असते. म्हणजे एरवी ती मुकाट बसते, पण सूर्यप्रकाशातले अतिनील किरण पडले की तिच्यातला एखादा इलेक्ट्रॉन उडी मारून मोकळा होतो. त्याला झेलायला शेजारी कुणी नसेल तर तो परत जागेवर जाऊन बसतो आणि उजेड फुकट जातो. आम्ही तिथे झेलायला बसवलं होतं बी-ट्वेल्व्ह. होय, तेच, ज्याचं इंजेक्शन डॉक्टर अशक्तपणावर देतात. या जीवनसत्त्वाच्या मधोमध कोबाल्ट धातूचा एक अणू असतो आणि त्याचा रंग असतो लालचुटुक. त्याच्या कडेच्या साखळ्या आम्ही थोड्या बदलायचो, म्हणजे त्याला लेपाला धरून बसायला हात फुटायचे. कोबाल्टनं एक इलेक्ट्रॉन झेलला की लाल रंग जाऊन मधासारखा होतो. दुसरा झेलला की हिरवट करडा. या हिरवट अवस्थेत तो भलताच आक्रमक असतो, क्लोरीन असलेल्या विषारी रसायनातला क्लोरीन उपटून काढतो. आमच्या हापूसच्या बागांत फवारलं जाणारं औषध उन्हाच्या जोरावर निकामी करता येईल, असं माझं स्वप्न होतं. एवढंच. बाकी सगळा तपशील.

बी-ट्वेल्व्हमुळे आमच्याकडे गिऱ्हाइकंही यायची. एकदा लांज्याहून एक आजोबा आले. त्यांच्या पायांना मुंग्या येत होत्या आणि कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की कॉलेजातल्या बाईंकडे बी-ट्वेल्व्ह फुकट मिळतं. मी समजावलं, हे औषध नव्हे, काचेला लावायचं आहे. ते म्हणाले, "काचंला लावताव, मग मानसाला लावायला काय हरकत हाय?" मी त्यांना चहा दिला आणि रिक्षात घालून सिव्हिल हॉस्पिटलला पाठवलं. तिथे त्यांना खरंच बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं मिळाली. पुढच्या मोसमात ते माझ्यासाठी काजूगर घेऊन आले आणि मी कितीही सांगितलं तरी मला डॉक्टरीणबाई म्हणायचं त्यांनी सोडलं नाही.

पण आज सांगायची आहे ती रेहानाची गोष्ट.

रेहाना मूळची बुरोंडी गावची. अब्बा जहाजावर, आई लहानपणीच वारलेली. इथे रत्नागिरीत राजिवड्याला राहणाऱ्या झुबेदाखालानं, म्हणजे तिच्या मावशीनं, तिला वाढवलं. ती माझ्याकडे एम.एस्सी. झाली, आमच्याच कॉलेजात तासांवर शिकवू लागली आणि माझ्या हाताखाली पीएच.डी.ला लागली. एव्हाना झुबेदाखालाची दृष्टी जवळजवळ गेली होती. चुलीजवळ तिला एकटं सोडायची सोय नव्हती. रेहानानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "बाई, मी काम कितीही करीन, पण रत्नागिरी सोडून कुठे जायला सांगू नका." मी म्हटलं, सोडायला कोण सांगतंय? मी स्वतः कुठे सोडली?

आमची अडचण अशी होती की अतिनील किरण उन्हात अगदी थोडे असतात. पांढरी पूड तेवढेच खाते, बाकीचं लख्ख ऊन तिच्या दृष्टीनं वाया. साध्या दिसणाऱ्या उजेडात हे काम चालवता आलं तर मजा. बी-ट्वेल्व्ह स्वतः रंगीत, तेव्हा तेच हा उजेड पकडेल अशी आमची आशा होती. ते बघायला रेहाना दिव्यापुढे दुहेरी काच ठेवायची आणि दोन काचांच्या मध्ये एका पिवळसर क्षाराचं पाणी भरायची. ते पाणी अतिनील किरण अडवतं. पलीकडे नळीत पट्टी, बी-ट्वेल्व्हचं थोडं पाणी आणि इलेक्ट्रॉन पुरवणारं एक साधं रसायन. नळीतली हवा नायट्रोजननं हाकलून बूच घट्ट. कारण हवेतला ऑक्सिजन मोठा चोर, हाती आलेला इलेक्ट्रॉन पळवतो.

महिनोन्‌महिने काही झालं नाही. लाल ते लालच.

आणि एका मे महिन्यात झालं. पिवळ्या पाण्याआडून आलेल्या उजेडात नळीतला लाल रंग उतरू लागला आणि दुपारपर्यंत स्वच्छ मधाळ झाला. मी सुट्टीतला जादा वर्ग घेत होते, तिथे रेहाना धावत आली. मी फळ्यावर अर्धं समीकरण टाकून तिच्यामागे गेले. पट्ट्यांची ती एक खेप होती, त्या खेपेतली प्रत्येक पट्टी चालत होती. रेहाना म्हणाली, "या वेळी रंगही काय छान धरलाय पट्ट्यांनी." खरंच, नेहमीपेक्षा गडद दिसत होत्या. आम्हाला वाटलं, बी-ट्वेल्व्हला हात फोडायची आमची रीत आता जमली.

त्याच भरात आम्ही विद्यापीठाला कळवलं आणि जूनमध्ये समिती आली. समितीत मुंबईचे एक मोठे सर होते. मोठे म्हणजे खरोखरच मोठे, त्यांच्या नावावर ढीगभर शोधनिबंध. त्यांनी रेहानाचं बोलणं नीट ऐकलं, पट्टी उजेडात धरून बघितली आणि शांतपणे म्हणाले, "बी-ट्वेल्व्हकडून हे होणार नाही. तुमच्या पट्टीला काहीतरी मळ लागलाय."

मी पेटले. मी म्हटलं, सर, मुंबईत झालं असतं तर तुम्ही त्याला शोध म्हटलं असतं, रत्नागिरीत झालं म्हणून मळ का?

ते म्हणाले, "बाई, रागावू नका. या मुलीला आमच्या प्रयोगशाळेत पाठवा. स्वच्छ परिस्थितीत पुन्हा करू. इथे या दर्जाचं काम होणं कठीण आहे. पुढच्या बैठकीत मला एक तर स्पष्टीकरण हवं, नाहीतर तिची नोंदणी आमच्याकडे वर्ग करावी लागेल."

नोंदणी मुंबईला वर्ग होणं म्हणजे रेहानाचं शिक्षण संपणं, हे मला माहीत होतं, तिला माहीत होतं. सरांना माहीत नव्हतं आणि माहीत करून द्यायची माझी इच्छा नव्हती. मुलीच्या घरातलं दुखणं दाखवून मला तिच्यासाठी सवलत मागायची नव्हती. नोंदणी हक्कानं राखायची होती.

सर गेल्यावर रेहानानं नव्या पट्ट्या केल्या. त्याच रीतीनं, त्याच मापानं. लाल ते लालच. पुन्हा केल्या. लाल. मे महिन्यातली खेप चालत होती आणि दुसरी कुठलीच चालत नव्हती. मोठे सर बरोबर होते. मी त्यांच्याशी भांडले याचं मात्र मला आजही वाईट वाटत नाही. बरोबर बोलायचे चुकीचे प्रकारही असतात.

रेहानाचं जेवणावरून लक्ष उडालं. डबा उघडायची आणि तसाच बंद करायची. एका दुपारी ती मोरीवर जुन्या नळ्या धूत होती. मे महिन्यातली एक तुटकी पट्टी नळ्यांबरोबर साबणाच्या पाण्यात पडली. मी तिथेच कपाट लावत होते. पाणी वाहायचं थांबलं म्हणून वळून बघितलं, तर रेहाना ती पट्टी डोळ्यांसमोर धरून उभी.

"बाई, हे बघा. निळी झाली."

पट्टीच्या एका कडेला निळसर हिरवा डाग उमटला होता. मी म्हटलं, बी-ट्वेल्व्ह साबणानं निळं होत नाही.

"बी-ट्वेल्व्ह नाही होत," ती म्हणाली. "कोकम होतं."

कोकणात जन्मलेल्या बाईला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, रस पदरावर सांडला की लाल डाग पडतो, आणि त्याला साबण लावला की तो निळा-हिरवा होऊन आणखीच डोळ्यांत भरतो. रेहानाच्या सगळ्या ओढण्यांवर असे डाग होते, कारण दर उन्हाळ्यात खालाच्या घरची आमसुलं तीच करायची. पण तिच्या घरच्या कोकमाचा आणि आमच्या पट्ट्यांचा संबंध काय? आम्ही दोघी एकमेकींकडे बघत होतो आणि मग दोघींनाही एकदमच गच्ची आठवली.

मे महिन्यात भारनियमनामुळे आमचा ओव्हन धड चालत नसे. म्हणून रेहाना रंगवलेल्या पट्ट्या गच्चीवर सावलीत, जाळीखाली वाळवायची. त्याच गच्चीवर आमचे प्रयोगशाळा सेवक भिकाजीमामा आपली आमसुलं, म्हणजेच सोलं, वाळत घालायचे. रातांब्याची सालं मिठाच्या रसात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. नियमानं बघता कॉलेजच्या गच्चीवर हे चालायला नको. पण मे महिन्यात रत्नागिरीत मोकळी गच्ची दिसली आणि तिच्यावर वाळवण पडलं नाही, असं कधी झालंय?

मी मामांना बोलावलं. विचारलं, "मामा, मे महिन्यात आमच्या काचा तुम्ही हलवल्या होत्यात का?"

"हलवल्या नाय, आत घेतल्या," मामा म्हणाले. "वळवाचा पाऊस आला ना येकदम. तुमी वर्गात व्हतांव. माजी सोला घेतली, तुमच्या काचा बी घेतल्या. सगला येकाच परातीत. मंग बगतो तर काचांना रस लागलेला. नलाखाली धुवून जशा व्हत्या तशा परत मांडल्या. का, फुटली काय येखादी?"

इथे बाहेरच्या वाचकाला एक सांगायला हवं. आमच्याकडे आभाळ आलं की गच्चीवरचं वाळवण कुणाचं, हे बघत नाहीत. ज्याचा हात पोचेल त्यानं सगळ्यांचं आत घ्यायचं. शेजारणीशी सहा महिने अबोला असला तरी तिचे पापड भिजू द्यायचे नाहीत. मामांनी शेजारधर्म पाळला होता, आणि तो सांगत बसायचा नसतो, म्हणून सांगितला नव्हता. मी त्यांना म्हटलं, काही फुटलं नाही मामा, उलट जुळलं. त्यांना ते कळलं नाही, पण बाई ओरडल्या नाहीत एवढ्यावर ते खूश झाले.

आता सगळं स्वच्छ दिसत होतं. कोकमातला तांबडा रंग आंबट रसातून पांढऱ्या लेपाला असा चिकटतो की नळाखाली धुतला तरी जात नाही. हा रंग साधा दिसणारा उजेड खातो आणि आपला इलेक्ट्रॉन पुडीच्या हवाली करतो. पूड तो बी-ट्वेल्व्हकडे सरकवते. पुडीला जो उजेड पचत नव्हता, तो तिच्या वतीनं आमसूल पचवत होतं. आणि लालावर लाल चढल्यामुळे आम्हाला पत्ता लागला नव्हता.

माझे एक सहकारी तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. जुन्या खेपेच्या पट्ट्या शिल्लक आहेत ना? त्याच दाखवा आणि मोकळ्या व्हा." मी म्हटलं, मी मोकळी होईन हो, पोरीनं जन्मभर ती मूठ झाकून हिंडायचं का?

रेहानाला मी विचारलं, काय करायचं? तिनं डोळे पुसले. म्हणाली, "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं, बाई? मळ आहे म्हणाले ना सर? मळच दाखवू."

पुढचे दिवस तिनं ढोरासारखं काम केलं. भिकाजीमामांनी आपल्या बरणीतला रस दिला. तिनं त्यातून रंग वेगळा काढला, शुद्ध केला, मोजून लेपावर चढवला. नुसत्या पट्ट्या केल्या, फक्त बी-ट्वेल्व्हच्या केल्या, फक्त कोकमाच्या केल्या आणि दोन्हीच्या केल्या. झुबेदाखाला मला निरोप पाठवायची, "बाईंनू, पोरीला जेवायला तरी सोडा." मी निरोप पाठवायचे, मी कुठे धरलंय, तीच जात नाही.

समिती पुन्हा आली तेव्हा बाहेर आषाढ कोसळत होता. मोठे सर बसल्या बसल्या म्हणाले, "मग, मळ सापडला का?"

मी तोंड उघडणार होते. रेहाना उभी राहिली. "हो सर, सापडला. तुमचं बरोबर होतं. आमसुलाचा डाग होता. माझ्या पहिल्या अहवालातलं विधान मी मागे घेतेय. त्याच्या जागी काय ठेवतेय ते बघा."

दिवा लावला. पिवळ्या पाण्याची काच मध्ये. तीन नळ्या ओळीत ठेवल्या. फक्त बी-ट्वेल्व्हची पट्टी असलेल्या नळीतलं पाणी लाल राहिलं. फक्त कोकमाची पट्टी असलेली, बी-ट्वेल्व्ह न घातलेली नळी जशी होती तशी. कोकम आणि बी-ट्वेल्व्ह दोन्ही असलेली नळी आमचा चहा येईतो मधासारखी झाली.

सर वाकून बघत होते. म्हणाले, "रंग गेला याचा अर्थ इलेक्ट्रॉन पोचला असं नव्हे. उजेडानं रंग जळूनही जातो."

"जळला असेल तर परत येणार नाही," रेहाना म्हणाली. तिनं नळी त्यांच्या हातात दिली. "बूच काढा सर. हलवा."

सरांनी बूच काढलं. हवा आत गेली. त्यांनी नळी हलवली आणि त्यांच्या हातात ती पुन्हा लाल झाली. कोबाल्टनं घेतलेला इलेक्ट्रॉन हवेनं काढून नेला होता. जळलेली वस्तू अशी परत येत नाही.

मग सरांनी विचारलं, "हिरवा होतो का? दुसरा इलेक्ट्रॉन?"

मी रेहानाकडे बघितलं. कारण हिरवा झाल्याशिवाय बागेतलं विष तुटत नाही, आणि माझं सगळं स्वप्न त्या हिरव्यात होतं.

"नाही सर," रेहाना म्हणाली. "कोकमाच्या जोरावर एकच पायरी होते. पुढची होत नाही. सगळं करून बघितलं."

ते खरं होतं आणि पुढेही खरंच राहिलं. हापूसच्या बागांत आजही औषध फवारतात आणि आमच्या पट्टीनं त्यातला एक थेंबही निकामी केला नाही. याची रुखरुख मला आहे, ती मी लपवत नाही. पण त्या दिवशी एका मुलीनं, नोंदणी जाईल हे माहीत असताना, मोठ्या माणसाच्या डोळ्यांत बघून "होत नाही" असं सांगितलं. माझ्या अख्ख्या नोकरीत मी ऐकलेलं सगळ्यात खणखणीत उत्तर ते.

वाचकाला टांगून ठेवायची मला सवय नाही. नोंदणी राहिली, काम रत्नागिरीतच झालं, रेहाना याच गावात डॉक्टर झाली. प्रबंधातही आमसूल आमसूल म्हणूनच छापलं गेलं. पण मला आठवतं ते त्या दिवशीचं शेवटचं बोलणं.

सरांनी कागदावर सही केली आणि चष्मा काढून रेहानाला म्हणाले, "मुली, आता मी अट म्हणून नाही सांगत. आमच्याकडे ये. खरी उपकरणं आहेत, परदेशी जाता येईल. असे हात इथे वाया जातील."

मनापासून बोलत होते, ते कळत होतं. त्यामुळेच मला भीती वाटली. रागावलेल्या माणसाला नाही म्हणणं सोपं असतं.

रेहाना हसली. तिनं टेबलावरची हजेरी उचलली, खडूची पेटी उचलली आणि म्हणाली, "सर, माफ करा, मला निघावं लागेल. दुसऱ्या वर्षाचा वर्ग आहे, मुलं खोळंबलीत. आज त्यांना इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातो तेच शिकवायचंय."

आणि गेली. समिती बसलेली असताना, समितीच्या आधी उठून गेली. सर दाराकडे बघत राहिले. मी त्यांच्यापुढे बशी सरकवली आणि म्हटलं, "चहा घ्या सर, निवतोय."